छत्तीसपैकी शून्य

मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ.
सी इमारत, तळघर, सिंकजवळची जागा माझी.
कॅमेरा कॉलेजचा, पाठीवर नेलपॉलिशने लिहिलेलं: चौदा.
फी भरली ती कारखाना बंद झाल्यावर हातात पडलेल्या पैशांतून.
बायको म्हणाली, छप्पर गळतंय, आणि तू फोटो काढ.

एकतीस वर्षं टोलेडोत मी गाड्यांच्या काचा केल्या.
काच चांगली कधी, तर दिसत नाही तेव्हा.
हे टिब्सबाईंनी शिकवायची गरज नव्हती.
त्यांनी शिकवलं ते एवढंच: जवळ जा.
अजून जवळ, मिस्टर नोविकी,
रस्त्यापलीकडून माफी मागावी
तसे फोटो काढता तुम्ही.

मग गेलो जवळ.
पंधरा दिवस, एक रोल, पुरवून पुरवून.

हादीच्या बेकरीत पहाटे साडेचारला
भट्टीच्या तोंडाशी त्याची आई,
कोपरापर्यंत पीठ, पिठाखाली जुने चटके.
फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, आधी खा.

नदीवरचा बर्फ फुटत होता तेव्हा
पुलावर थांबलेला टपालवाला,
पिशवी खाली ठेवून, टोपी काढून,
जणू कोणाची अंत्ययात्रा चालली आहे.

कारखान्याचं फाटक, फाटकाचं कुलूप,
कुलपात कोणीतरी खोचलेला एकच हातमोजा.
यावर मी सात खर्च केले. सात!

वर्गातली देशॉना, एकोणीस वर्षांची,
पार्किंगमध्ये मागच्या सीटवर बाळाला पाजताना,
आरशातून माझ्याकडे बघत:
काढा, पण मी हसणार नाही.

आणि शेवटी धाकटा.
त्याचा-माझा छत्तीसचा आकडा, संपाच्या वर्षापासून.
तो फाटकाबाहेर उभा होता, मी आत गेलो होतो,
बस एवढंच. नऊ वर्षं.
त्याच्या गॅरेजच्या दारात जाऊन राहिलो.
गळ्यात कॅमेरा होता
म्हणून काय बोलायचं ते ठरवावं लागलं नाही.
बोनेटखालून तो बाहेर आला, चिंधीला हात पुसले.
आत उजेड कमी. मी म्हटलं, हलू नकोस.
शाळेत जायचा तेव्हापासून
पहिल्यांदाच त्याने माझं ऐकलं.

तो छत्तिसावा.

फिल्म रिळावर चढवायची ती पूर्ण अंधारात, बोटांनी.
बोटांना सवय होती, काचेची धार
न बघता ओळखायची. नीट चढली.
मग रसायनं, मग व्हिनेगरचा वास, मग दहा मिनिटं पाणी.
उजेडावर धरली.

कोरी.
टोकाला जरा काळी, पुढे सगळी
आमच्या कारखान्यात पास झाली असती इतकी स्वच्छ.

टिब्सबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
फिल्म दातांवर बसलीच नव्हती, म्हणाल्या,
तुम्ही खटके ओढत राहिलात, आत काही सरकलंच नाही.
वरची कळ फिरत होती का?
नव्हती. मला वाटलं, तशीच असते.
होतं असं, त्या म्हणाल्या, दर सेमिस्टरला एकाचं तरी.
देशॉना आधी हसली, मग गप्प झाली,
मग म्हणाली, परत काढा. परत नाही हसणार.

तरी मी ती पट्टी सगळ्यांच्या ओळीत
चिमट्याला लावून वाळत घातली, नाव लिहून.
इतरांच्या पट्ट्यांमध्ये वाढदिवस, कुत्री, कोणाची तरी मैत्रीण.
माझीतून पलीकडची भिंत दिसत होती,
भिंतीवर आग लागल्यास काय करावे.

घरी न जाता गाडीतूनच फोन लावला.
फोटो निघाला नाही, म्हटलं.
तुझा. एकही नाही. परत यावं लागेल.

पलीकडे पान्हा कशावर तरी ठेवल्याचा आवाज.
मग बराच वेळ नुसता रेडिओ.

रविवारी ये, म्हणाला,
आणि गाडी घेऊनच ये.
त्या दिवशी गेलास तेव्हा कोपऱ्यापर्यंत ऐकत होतो,
बेल्ट किंचाळतोय तुझा.